फळीवर बसलेले व्याही

नांदगाव खंडेश्वरजवळच्या त्या गावात उभ्याने सुतारकाम करायची कल्पना शेषरावांच्या आधी कुणी काढली नव्हती आणि त्यांच्यानंतरही कुणी काढली नाही. शेषराव सुतार नव्हते. काळ्या मातीचे शेत, एक बैलजोडी आणि दूध देण्याबाबत लहरी असलेली एक म्हैस, एवढा त्यांचा पसारा. पण तिफणीचा दांडा बदलणे, दाराची चौकट सरळ करणे असली कामे ते स्वतः करत आणि चांगली करत, असे त्यांचे मत होते. दुर्गाबाईंचे, म्हणजे त्यांच्या पत्नीचे मत त्यांनी कधी विचारले नव्हते. ते त्यांना न विचारताच कळत असे.

१९५८ सालच्या माघात त्यांच्या मुलीची, इंदूची, ओटी भरली. कार्यक्रम अकोल्याला, जुन्या शहरातल्या तिच्या सासरी होता. पहिले बाळंतपण माहेरी, आणि बारशाचा पाळणा आजोळचा, ही रीत दोन्ही घरांना मान्य होती. प्रश्न पाळणा कुठला, एवढाच होता. तो इंदूच्या सासऱ्यांनी, महादेवरावांनी, भर पंगतीत काढला.

महादेवरावांनी शेती आणि दुकान मुलांच्या हाती दिले होते आणि स्वतःकडे दोष काढण्याचे काम ठेवले होते. इंदूच्या लग्नात नवरदेवाचा पाट डुगडुगला होता. ती गोष्ट त्यांनी अकोल्यात इतक्या जणांना सांगितली होती की दर वेळी पाट थोडा जास्त डुगडुगू लागला होता.

"इवाई, पायना आमच्या अकोल्यातूनच घ्या," महादेवराव वरणात तूप ओतून घेत म्हणाले. "तुमच्या तिकडच्या लाकडाचा काई भरोसा नाई. पाटावर नवरदेव होता, सावरला त्यानं स्वताले. लेकरू कसं सावरन?"

पंगत हसली. शेषरावांनी घास खाली ठेवला.

"पायना मी माह्या हातानं करीन," ते म्हणाले. "बारशाले या आन् पाहा."

हसणे थांबले. मुलीच्या बापाने व्याह्यांच्या घरी, चार माणसांत दिलेला शब्द होता. तो पाळला गेला नाही तर ऐकून शेषरावांना घ्यावे लागणार नव्हते. ते इंदूला घ्यावे लागणार होते, आणि तेही जन्मभर. हे परतीच्या बसमध्ये दुर्गाबाईंनी त्यांना समजावून सांगितले. मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली.

"अजी, शब्द देल्ला तं देल्ला. पन लेकरू सुखरूप घरात येत नाई तोवर पायन्याच्या लाकडाले करवत लागनार नाई."

"काहून?"

"काहून म्हंजे? जीव यायच्या आदी पायना करत असते का कोनी?"

"मोजमाप तं घेऊन ठेवतो."

"मोजमाप बी नाई. पेन्सिलची रेघ बी नाई."

याचा अर्थ शेषरावांच्या लक्षात बडनेरा यायच्या आत आला. बाळ जन्मल्यापासून बाराव्या दिवशी बारसे. पाळणा त्या मधल्या दिवसांत चिरून, रंधून, जोडून व्हायला हवा. आधी काहीच करता येणार नव्हते. पण पाळणा करता येत नसला तरी पाळणा जिच्यावर करायचा ती जागा करायला कुणाची ना नव्हती. दुर्गाबाईंना त्यांनी तसे विचारून घेतले. त्यांनी बराच विचार करून सांगितले की बाकाला काही सोयरसुतक नसते.

बाक ही गोष्ट शेषरावांनी अमरावतीला पाहिली होती. कापसाची गाडी घेऊन ते सरकी काढायच्या एका जिनात गेले असताना तिथला मिस्त्री कमरेएवढ्या उंच, जाड फळीच्या बाकाशी उभा राहून रंधा मारत होता. गावचा सुतार डोमाजी जमिनीवर बसून काम करी आणि लाकूड पायाच्या अंगठ्यांत धरी. शेषरावांना तसे बसता येत नव्हते. पोळ्याच्या दिवशी एका बैलाने त्यांच्या गुडघ्यावर पाय दिला होता आणि तेव्हापासून तो गुडघा पूर्ण मिटायला तयार नव्हता.

डोमाजीने बाकाचे सगळे वर्णन शांतपणे ऐकून घेतले.

"आन् त्याले लाकूड धराले शिकंजा लागन?"

"लागन."

"खुट्या लागन?"

"त्या बी लागन."

डोमाजीने आपले दोन्ही पाय पुढे पसरले आणि अंगठे हलवून दाखवले. "मले हे घरूनच भेटले," तो म्हणाला. "पन तुमी करा, भाऊ. उभ्यानं थकले का बसाले कामी येईन."

हे बोलणे शेषरावांनी मनावर घेतले नाही. घ्यायला हवे होते.

पायांसाठी बाभूळ ठरली. धुऱ्यावरची एक बाभूळ तोडून गोठ्यामागे टाकलेली होती, ती चांगली वाळली होती. वरची फळी जुन्या गोठ्याच्या सागवानी तुळईतून निघाली. तुळई आराकसांनी उभी चिरून दिली. शेषरावांनी दोन्ही भाग शेजारी ठेवून सरस लावून जोडले आणि त्यावर रात्रभर जाते ठेवले. सकाळी दुर्गाबाईंना दळायला जाते मिळाले नाही, म्हणून त्या दिवशी घरात भाकरीऐवजी खिचडी झाली आणि तिच्याबरोबर बरेच काही ऐकायला मिळाले.

चार पाय आडव्या पट्ट्यांनी जोडायचे होते. पट्टीच्या टोकाला कुसू, म्हणजे जीभ, काढायचा, पायात त्याच मापाची साल, म्हणजे खाच, कोरायची, एकात एक बसवून वरून पाचर ठोकायची. पहिली साल मोठी झाली. दुसरी लहान झाली. तिसरीपासून शेषरावांचा हात बसला. बाकाची उंची त्यांनी जिनातल्या मिस्त्रीच्या सांगण्याप्रमाणे ठेवली: सरळ उभे राहून हात सोडले की मनगट जिथे येते तिथवर. बाक उभा राहिला तेव्हा त्यांनी त्यावर दोन्ही हात टेकून पूर्ण जोर दिला. तो हलला नाही. त्यांनी दुर्गाबाईंना बोलावून हलवायला सांगितले. त्यांनाही तो हलला नाही, आणि ही गोष्ट त्यांनी मान्य केली.

इथे एखादा माणूस थांबला असता. शेषरावांच्या हातांना पाळण्याची मनाई होती, आणि ती सगळी खाज बाकावर उतरली. त्यांनी अमरावतीहून जिनाच्या मोडीतला एक लोखंडी आट्यांचा दांडा आणला आणि त्याचा शिकंजा करून बाकाच्या डाव्या टोकाला बसवला. फळीच्या मध्यावर ओळीने भोके पाडली आणि त्यांत वरखाली होणाऱ्या बाभळीच्या खुंट्या घातल्या. लाकूड आडवे ठेवून त्याचे टोक खुंटीला टेकवले की रंधा कितीही जोरात मारा, लाकूड सरकत नाही. खाली हत्यारांसाठी एक रुंद पट्टी झाली. मागे पटाश्या उभ्या ठेवायला खाचांची फळी झाली. मग खिळ्यांसाठी खण झाला. मग खणाला मूठ झाली. मुठीवर त्यांनी कमळ कोरायला घेतले तेव्हा इंदू, जी एव्हाना माहेरी आली होती, आईला म्हणाली, "बाबा पायन्याले हात लावतीन तोवर पोरगं शायेत जाईन."

बाकाचा पहिला उपयोग शेषरावांनी केलाच नाही. चैत्रात कुरडया करायच्या दिवशी दुर्गाबाईंनी सोऱ्या शिकंज्यात आवळला आणि दोन्ही हातांनी दांडा फिरवून सगळ्या कुरडया एका सकाळीत पाडल्या. शेजारच्या बायका पाहायला आल्या. गावात दोन दिवस असे बोलले जात होते की शेषरावांनी कुरडयांचे यंत्र काढले आहे.

एक गोष्ट मात्र शेषरावांनी विचारात घेतली नव्हती. बाक त्यांनी ओसरीत ठेवला. अंगणात ऊन, घरात अंधार; ओसरीला सावली होती आणि वारा होता. काम करायला तीच जागा चांगली होती. पण वऱ्हाडात ओसरीत जे काही सपाट आणि लाकडाचे असते त्यावर आलेला माणूस बसतो. ते कशासाठी केले आहे हे तो विचारत नाही, आणि बसलेल्या पाहुण्याला ऊठ म्हणायची सोय कुठल्याच घरात नसते.

वैशाखात इंदूला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. सुईण बाहेर येऊन ते सांगेपर्यंत शेषराव बाकाशी उभे राहून एक खुंटी वर-खाली करत होते. त्याच दुपारी त्यांनी आतल्या खोलीतून सागवानाच्या फळ्या बाहेर काढल्या. धारणीकडून आणलेले, गाठी नसलेले लाकूड होते, पाळण्यापुरतेच. पेन्सिल कानामागे लावून त्यांनी फळीवर काटकोन पाहायचा गुण्या ठेवला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने महादेवराव आले.

बारशाला यायचे ते आधीच कसे आले, याचे कारण त्यांनी स्वतःच सांगितले. त्यांच्या घराच्या छपराचे कवेलू फेरणे चालू होते, घरभर धूळ होती, आणि नात पाहायची घाई होती. यातले कोणते कारण किती खरे हे विचारायची पद्धत नव्हती. नातीला पाहून, तिच्या हातावर रुपया ठेवून ते ओसरीत आले. त्यांनी बाकाकडे पाहिले, खाली हत्यारांच्या पट्टीवर पाय दिला आणि वर चढून मांडी घालून बसले. महादेवराव उंचीला बेताचे आणि अंगाने भरलेले होते. वरून त्यांना थेट मारुतीच्या पारापर्यंतचा रस्ता दिसला.

"वा," ते म्हणाले. "बैठक झकास केली, इवाई."

ते बरोबर खुंट्यांच्या ओळीवर बसले होते.

शेषरावांनी बाज आणून टाकली, वर नवी सतरंजी घातली. महादेवराव म्हणाले, बाजेवर पाठ दुखते. शेषरावांनी शाळेतून मास्तरांची खुर्ची मागून आणली. महादेवराव म्हणाले, खुर्चीत अंग आखडते. जेवणानंतर ते बाकावरच आडवे झाले. उन्हे उतरल्यावर उठून बसले, आणि मग गावातले चारजण त्यांच्याशी बोलायला आले, कारण अकोल्याचा माणूस उंचावर बसलेला लांबून दिसत होता. दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. तिसऱ्या दिवशी महादेवरावांनी पानाचा डबा खिळ्यांच्या खणात ठेवला.

"पायना दिसत नाई अजून," ते अडकित्ता चालवत म्हणाले.

"होते ना," शेषराव म्हणाले.

"कुठी करता? मागं करता का? मी तं इथंच असतो दिवसभर, मले ठोकठाक ऐकू नाई आली."

मुलीचा बाप व्याह्यांना सगळे देऊ शकतो. जरा सरका एवढे म्हणू शकत नाही. फळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी एक फळी गोठ्यात नेऊन जमिनीवर ठेवून रंधायचा प्रयत्न केला, पण गुडघा मिटेना आणि फळी गव्हाणीखाली सरकत गेली. शेवटी ते डोमाजीकडे गेले.

डोमाजीने सगळे ऐकले. त्याला हसू येत होते, पण त्याने ते दाबले, निदान पहिला भाग संपेपर्यंत.

"मी करून देतो, भाऊ," तो म्हणाला. "दोन दिवसांचं काम हाय. पन बारशाले कोनी इचारलं तं मी केला म्हनून सांगन. खोटं नाई बोलनार."

"म्हनलं मी माह्या हातानं करीन म्हनून."

"मंग हात मोकये करा पयले. मानूस बसला हाय तुमच्या हातावर."

शेषराव घरी आले आणि आत जाऊन दुर्गाबाईंना म्हणाले, "डोमाजीले सांगून टाकतो. पोरीले बोल लागला तं लागला."

दुर्गाबाई बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू वळत होत्या. त्यांनी हातातला लाडू पुरा वळला, ताटात ठेवला, हात पुसले आणि डोक्यावर पदर घेऊन ओसरीच्या दारात उभ्या राहिल्या. शेषरावांना जे बोलता येत नव्हते ते त्यांना येत होते. व्याही आणि विहीण यांनी एकमेकांची थट्टा करायची असते, लग्नात तर गाणी म्हणून करायची असते, आणि त्याचा राग धरायचा नसतो.

"इवाई," त्या म्हणाल्या, "बाक आवडला का तुमाले?"

"लय आवडला, ईनबाई."

"आमच्या घरच्यांनी गंज मेहनतीनं केला. खाली पाहा, तुमी बसले तिथं खुट्या हायेत. फयी सरकू नये म्हनून."

महादेवरावांनी खाली चाचपून पाहिले. "हाय खरंच. टोचून राह्यली होती काल. मी म्हनलं गाठ असन लाकडाची."

"आता तुमी काई उठत नाई," दुर्गाबाई म्हणाल्या. "आन् उठा म्हनायची आमची हिंमत नाई. मंग असं करा, खुट्यायचं काम तुमीच करा. आंग तं देवानं देल्लंच हाय. फयीवर बसा फक्त. ते रंधा मारतीन."

अंगणात जमलेले दोन शेजारी दुसरीकडे पाहू लागले. शेषरावांना वाटले, आता व्याही उठतील आणि सरळ बस गाठतील. महादेवरावांनी अडकित्ता मिटून डब्यात ठेवला. मग ते खरोखर उठले, पण एका कुल्ल्यावर.

"आना फयी," ते म्हणाले.

अशा रीतीने पाळण्याचे काम सुरू झाले. अर्धी फळी महादेवरावांच्या खाली आणि अर्धी मोकळी. शेषराव रंधा मारत त्यांच्या गुडघ्यापर्यंत येत आणि मागे जात. लाकडाचे कुरळे सालपट महादेवरावांच्या धोतरावर साचे. एक बाजू झाली की ते सरकत आणि दुसरी बाजू मोकळी करून देत. पहिल्या दिवशी ते नुसते बसले. दुसऱ्या दिवशी ते सांगू लागले.

"इथं फुगवटा हाय, इवाई. माह्याखाली समजते ना."

"कुठी?"

"हे, उजव्या आंगाले. मले बसल्या बसल्या झोल लागते."

शेषरावांनी गुण्या लावून पाहिला. फुगवटा होता. याची नोंद त्यांनी मनात केली, तोंडाने केली नाही. बाजूच्या फळ्या सपाट झाल्या, तळाच्या पट्ट्या झाल्या, पायाकडची फळी कापून झाली. शिकंज्यात लहान तुकडे, महादेवरावांखाली मोठे, असे दोघांचे काम वाटले गेले होते. गावातले लोक आता बोलायला येत आणि पाहत उभे राहत. महादेवराव त्यांना उजेडातून बाजूला व्हायला सांगत.

डोक्याकडची फळी शेवटची होती. शेषरावांनी तिच्यावर रेघ मारली, महादेवराव तिच्यावर बसले आणि करवत चालू झाली. निम्मी रेघ कापून झाली तेव्हा दुर्गाबाई चहा घेऊन आल्या. महादेवराव बशी घ्यायला वळले. वळले म्हणजे सगळेच वळले, आणि त्यांच्याखालची फळीही वळली. चालत्या हाताची करवत रेघ सोडून तिरपी उतरली. शेषरावांनी ती ओढून थांबवली, पण तोवर तळाच्या पट्ट्या जिच्यावर टेकणार होत्या ती कड एका अंगाने बोटभर खाली गेली होती. आता ती सरळ करायची तर फळी तोकडी पडली असती, आणि दुसरी फळी नव्हती. परवा बारसे होते.

दोघांनी कापाकडे पाहिले. महादेवरावांनी अख्खा चहा एक शब्द न बोलता प्याला. ते आल्यापासून असे पहिल्यांदाच झाले होते.

"जोडा तसाच," शेवटी ते हळू आवाजात म्हणाले. "दिसनार नाई."

ते दिसणार होते. शेषरावांनाही ते माहीत होते. पण त्यांनी पाळणा जोडला, साली आणि कुसू नीट बसवले, पाचरा ठोकल्या, जवसाचे तेल चोळले आणि बारशाच्या सकाळी घरातल्या आड्याला दोरांनी टांगला. कुठे खिळा दिसत नव्हता. कुठे फट नव्हती. डोक्याकडे एका बाजूने तो बोटभर उतरला होता.

अकोल्याची मंडळी दहाच्या बसने आली. महादेवरावांच्या पत्नी रुख्मिणीबाई पुढे होत्या. त्यांनी नातीला घेतले, इंदूची चौकशी केली आणि मग पाळण्याभोवती एक फेरी घातली. बायका त्यांच्याकडे पाहू लागल्या. ओसरीतले पुरुषही कान देऊन बसले. रुख्मिणीबाईंनी बाजूची फळी बोटांनी दाबून पाहिली, तळ पाहिला, पाचरा पाहिल्या. त्यांना काही सापडेना. मग त्या दोन पावले मागे सरल्या.

"हे डोक्याकडचं एका आंगानं उतरलं काहून?" त्या म्हणाल्या.

शेषराव दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. खरे काय ते त्यांना सांगता आले असते, आणि ते सांगणार नव्हते. त्यांनी मान खाली घातली. इंदू बाळाचे दुपटे उगाच पुन्हा घडी घालू लागली.

"उतरलं नाई," मागून महादेवरावांचा आवाज आला. ते ओसरीतून आत आले होते. "उतरवलं."

"ते कशापायी?"

"लेकरू दूध पेऊन झोपलं का उलटी येते का नाई? मान एका आंगाले पाह्यजे. सरळ पायन्यात लेकरू उतानं राह्यते. अकोल्यातल्या कोन्या सुताराले हे समजत नाई. सपाट करून देतेत आन् मोकये होतेत."

रुख्मिणीबाईंनी नवऱ्याकडे नीट पाहिले. "चार लेकरं वाढवली मी सपाट पायन्यात," त्या म्हणाल्या. "तुमाले हे कधी समजलं?"

"आता तं समजलं."

"समजनारच, ईनबाई," दुर्गाबाई हळदीकुंकवाचे ताट पुढे करत म्हणाल्या. "पयल्या फयीपासून शेवटच्या फयीलोक इवाई जातीनं बसले होते. त्यायच्याबिगर एक काप झाला नाई."

महादेवरावांनी त्यांच्याकडे पाहिले. दुर्गाबाईंचा चेहरा पाहुणचाराचा होता, त्यात दुसरे काही शोधूनही सापडले नसते. रुख्मिणीबाईंनी आणखी एकदा पाळण्याकडे पाहिले, एकदा नवऱ्याच्या धोतराकडे, ज्याला अजून लाकडाचा भुसा चिकटलेला होता, आणि मग कुंकू लावून घेतले. बायकांनी बाळाला पाळण्यात ठेवले. ती किंचित घरंगळली, उतरत्या अंगाला टेकली आणि तिथेच डोळे मिटून पडून राहिली.

"पाह्यलं?" महादेवराव म्हणाले, आणि बारशाच्या बायकांना वाट करून देत बाहेर गेले. बाहेर ते जमलेल्या पुरुषांना उताराचे माप सांगताना ऐकू येत होते.

नाव ठेवून झाले, घुगऱ्या वाटून झाल्या. शेषराव पाळण्याची दोरी नीट करायला आत आले तेव्हा खोलीत इंदू एकटीच होती.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "ते खरंच मुद्दाम उतरवलं होतं का?"

शेषरावांनी गाठ ओढून पाहिली. ती पक्की होती.

"तुह्या सासऱ्यानं सांगतलं ना," ते म्हणाले. "मंग तसंच असन."